पायरी क्रमांक तीन

चर्चच्या मागे, लिंबाखाली, पत्र्याची शेड.
सोलापूरचा मे. पत्रा दहालाच तडतडायला लागतो,
म्हणून आम्ही पाचला येतो, अकराला टाकी खाली ठेवतो.
घाणीत चुना फिरतो. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी.
व्यंकव्वा बोटावर घेते, अंगठ्यानं ताणून बघते.
“अजून दोन दिवस,” म्हणते.
तिचं कॅलेंडर अंगठ्यात आहे.

मागच्या कुठल्याशा कमिटीनं सांध्यांत सिमेंट भरलंय.
ते काढणं हे आमचं पहिलं काम, आणि दुसरं, आणि तिसरं.
दगडाला श्वास घेता येत नाही, असं इंजिनियर बाई सांगतात.
हणमंतू म्हणतो, श्वासाचं मला माहीत नाही,
पण हे निघताना दगडाची कातडी घेऊन येतं,
जखमेला चिकटलेल्या फडक्यासारखं.

दगडादगडावर खडूचा नंबर.
राहायचे ते पांढरे, बदलायचे ते लाल.
दक्षिण दाराची तिसरी पायरी: लाल.
मधोमध इतकी झिजलेली
की पाऊस पडला तर चिमण्या तिच्यात अंघोळ करतात.

घंटेचा दोर ओढणारे शलमोनकाका आले.
“ती काढू नका,” म्हणाले. “म्हणजे काढा. पण...
माझं लग्न, आमच्या शांतवनची पेटी,
सगळं तिच्यावरूनच.”
मी म्हटलं, काका, फेकत नाही. उलटी करून बसवू.
खालची बाजू कोरी असते, टाकीचे वण तसेच.
आमच्यात जुनी युक्ती आहे ही.

पहार लावली. चौघं जण.
आत कुणीतरी गुडघ्यांवर होतं, म्हणून ओरडा नाही,
नुसते एकमेकांचे डोळे बघून जोर.
पायरी फिरली.
खाली जुना चुना, नाचणीच्या पिठासारखा कोरडा.
मी ब्रश मारला.

खालीही खड्डा.
तसाच, पण मधोमध नाही, जरा डावीकडे.
हणमंतू त्यात हात घालून तेलुगूत काही बोलला,
ते मी मराठीत सांगणार नाही.

म्हणजे आमच्या आधी कुणी तरी
युक्ती करून, हात धुऊन, जेवायला गेला होता.
ना चिठ्ठी, ना रजिस्टर.
“डावीकडंच का?” मी विचारलं.
“उजवं दार बंद ठेवत असतील तवा,” व्यंकव्वा म्हणाली,
आणि घाणीकडे गेली.

दोन्हीकडून झिजून मध्ये उरला होता चार बोटं दगड.
शलमोनकाका गिरणीत ताणा मोजायचे.
ती चार बोटं त्यांनी तीनदा मोजली.

बाईंना फोन केला. बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग, “लाल पुसा.”

खालचा खड्डा चुना-विटकरीनं भरला,
व्यंकव्वानं तळव्यानं दाबून दाबून.
आणि पायरी होती तशी, होती त्याच तोंडानं ठेवली.
पाणसळ काढली होती, ती तशीच पिशवीत गेली.

सहा दिवस घडवलेला नवा दगड शेडमध्ये आहे.
धारेला धार, कोपऱ्याला कोपरा.
त्याच्यावर आम्ही कडक भाकरी मोडतो,
शेंगाचटणीचं तेल त्याला लागायला लागलंय.

संध्याकाळी मस्टर भरलं:
माणसं पाच. चुना दोन घमेली.
पायरी क्र. ३: काढली, पाहिली, बसवली.
सही करताना बोट चुन्यानं चुरचुरत होतं.