चौथी रेघ

रुवीत, घड्याळवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर
अकरा वर्षं मी बायकांच्या चेहऱ्यांवरचं ऊन उतरवलं.
वाटीत ब्लीच, पंख्याखाली डोळे मिटून पडलेल्या नवऱ्या.
"तहसीन, दोन शेड तरी."
दिल्या करून. पैसे घेतले.

आता माझीच डावी शीर
मनगटापासून कोपरापर्यंत काळी उमटलीय.
औषध ज्या वाटेनं गेलं, ती वाट
डांबर ओतून ठेवल्यासारखी.
लिजी सिस्टर म्हणाली, होतं असं,
या औषधानं कातडीतला रंग चाळवतो.
जाईल हळूहळू. सहा महिने, वर्ष.
उन्हात मात्र जायचं नाही.
मस्कतमध्ये, उन्हात जायचं नाही!
दोघी हसलो, सलाइनची नळी हलेपर्यंत.

जांभळं न खाता जिभेवर ठिपके.
तळहाताच्या रेषा तर
शाळकरी पोरानं पेनानं गिरवाव्यात तशा.
दुवेला हात उचलले की
आधी मीच वाचून घेते.
फारसं काही लिहिलेलं नाही.

श्रीवर्धनहून अम्मीचा व्हिडिओ कॉल.
मी फोनमधलं उजळायचं बटण शेवटापर्यंत ओढते.
"बरी दिसतेस गो, तिकडचं पाणी मानवलं."
हिनंच मला साय चोळून वाढवली.
माझ्या रंगावर लग्नात
दोन तोळे कमी चालले होते सासरच्यांना.
ते आता मागायला येतील की काय?

काउंटरवरचा पोलीस कार्ड बघतो,
मला बघतो,
परत कार्ड.
यंत्र बोट घेत नाही. ओढणीला पुसून
तिसऱ्यांदा ठेवते.
"हीच का ही?" तो शफीला विचारतो.
"हीच."
एवढंच बोलला.
मग पार्किंगमध्ये कितीतरी वेळ
दुसऱ्याच कुणाच्या गाडीला चावी लावत राहिला.

दर डोसाला नखात एक आडवी काळी रेघ.
पहिली कधीच कापून गेली.
चौथी अजून मुळाशी आहे,
पाणी कुठवर चढलं होतं
ते भिंतीवर राहतं तशी.
नेलपॉलिश लावत नाही. वजू होत नाही त्यानं,
आणि मोजणार कशावर?

शुक्रवार. गॅलरीत नेलकटर घेऊन बसले.
समोर डोंगर. झाड नाही, गवत नाही,
जन्मापासून काळा,
त्याला कुणी काही विचारत नाही.
कट्.
अंगठ्यावरची दुसरी रेघ उडाली
आणि कुठे गेली ते दिसलंच नाही.

शफीचा चहा शेजारी होता.
तो यायच्या आत
कप उचलून नीट बघितला.