एकाच खात्यावर

गावदेवी मार्केटमागच्या दुकानात
किरिटने आईचा जुना फोन हातात घेतला, म्हणाला,
मावशी, नंबर सगळे क्लाउडवर टाकतो, हरवायची भीती नाही.
आई म्हणाली, ढगात गेलेलं कोणी परत येतं का रे?
किरिट हसला. मी नाही हसले.
बाबांना जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता.

आईचं स्वतःचं खातं नव्हतं.
घाईत मी माझंच दिलं.
पासवर्ड टाकताना तिने मान वळवली,
बँकेत परक्यांसाठी वळवते तशी.

त्या रात्री उलव्यात, चौदाव्या मजल्यावर,
माझ्या फोनमध्ये आईची माणसं राहायला आली.
आडनावांसकट नीट लावलेल्या ऑफिसच्या लोकांत
मध्येच
दूध.
दूध नवा.
फॉल पिको, जिन्याखाली.
गुडघे डॉक्टर.
भाजणीवाली, उचलत नाही.
खोपकर, खोपटचे नव्हेत.
आणि खाली, हर्षदा एचआर आणि हेमंत सर यांच्यामध्ये
नुसतं
हे.
त्या नंबरावर आता कोण बोलतं
ते आम्ही दोघींनीही पाहिलेलं नाही.

सेटिंग बंद करणार होते. राहून गेलं.
मग सवय लागली.
फोनवर ती म्हणायची, सगळं ठीक.
सविस्तर बातमी अशी यायची:
मार्चमध्ये 'चष्मा, नौपाडा' आला,
म्हणजे तिचा नंबर वाढला.
जूनमध्ये 'रिक्षा शब्बीर, हळू नेतो',
म्हणजे ती चालत जात नाही आता भाजीला.
ऑगस्टात 'भाजणीवाली' गेली. का, ते कळलं नाही.

म च्या रांगेत मीही होते.
मोठी.
माझ्याच फोनमध्ये माझाच नंबर,
लावला तर बिझी.

मग रीडेव्हलपमेंटवरून आमचं वाजलं.
चरईतल्या त्या चोवीस घरांत
एकट्या तिची सही राहिलेली.
मी म्हणाले, भिंतींना काय सोनं लागलंय?
ती म्हणाली, तू चौदाव्या मजल्यावरून बोलतेस.
फोन आधी कोणी ठेवला
याबद्दल दोन मतं आहेत.

नवव्या दिवशी फ्रिज बंद पडला.
मेकॅनिक शोधायला म दाबला
तर वरती

मोठी (रागावलीये)

आजवर स्वल्पविरामावर भागवणारी बाई.
कंस कुठून शोधला तिने?
आकड्यांचं पान, त्याच्यामागे चिन्हांचं पान,
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी,
एका बोटाने.
आणि मला इतके दिवस वाटत होतं,
रागावलीये ती.

फ्रिजमधलं दही आंबट होत होतं.
मी पेन्सिलच्या खुणेवर बोट ठेवलं,
मागून पुसत गेले.
आधी गेला बंद होणारा कंस,
मग ये, मग ली, मग वा,
ग, रा.
उघडणाऱ्या कंसापाशी थांबले.
सेव्ह.

काही झालं नाही.
ती दिवसभर नेट बंद ठेवते,
डेटा उडून जातो म्हणते, अत्तरासारखा.
फोन असेल विणलेल्या पिशवीत, खिळ्याला,
मीटरच्या डब्याशेजारी.
मी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, उद्या.
उद्या तो आला नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला,
मालिका सुरू व्हायच्या आधी ती नेट लावते त्या वेळी,
मी यादी पुन्हा उघडली.
दूध नवा होता. शब्बीर होता. हे होते.
आणि म च्या रांगेत

मोठी (सही करणार नाही, अळू आणलंय