रवा

शिरोलीत गच्चीवर शौकत नदाफ
यंत्राची काच शर्टाच्या टोकानं पुसतो.
दहाला चार हजार होते,
आता चाळीस.
धूर कुठंय? ऊन तर लख्ख.

ह्या उन्हातच
भट्ट्यांच्या गंधकाला नाल्याचा अमोनिया भेटतो,
दोन रेणू, चार, एक गाठ.
बहुतेक लगेच सुटतात.
एखादी टिकते.

शौकतच्या आज्याचं गुऱ्हाळ होतं वडणग्याला.
काहिलीत पाक घोटताना आजा म्हणायचा,
गप बस, रवा धरतोय.
दिसायचं काहीच नाही.

टिकलेल्या गाठीवर मग बसत जातं
ट्रकांचं, रंगाच्या डब्यांचं, चुलवाणाचंही.

पाचला जोतिबाचा डोंगर पुसट.
वहीत सकाळचं अक्षर: हवा स्वच्छ.
पेनचं टोपण
दातांत तसंच.