हतनूरच्या वाटेवर

सायकल काढतो तेव्हा सीट ओली असते.
बाहीनं पुसतो.
कॅमेरा स्वेटरच्या आत, छातीशी;
थंडीत बॅटरी मरते म्हणून.

सावदा मागे पडलं की दिवे संपतात
आणि केळी सुरू होतात,
दोन्ही अंगांनी,
मधे रस्ता कसाबसा अंग चोरून.

आज रस्त्यावर धूर.
बांधाबांधाला काडीकचरा धुमसत ठेवलाय.
पारा सहावर उतरला की
बागेला रात्रभर अशी ऊब द्यावी लागते.
चेन कुरकुरते.
हँडलवरची बोटं कुणा दुसऱ्याची.

पांदीच्या तोंडाशी लीलाधर नेहेते,
उकिडवे, डोक्यावर पोत्याची खोळ.
“काय भो, कुठी चालला इतल्या थंडीत?”
“धरणावर, काका. पक्षी बघायला.”
“बघ मंग. आम्ही केयी बघतो.”

फोटो काढू का, विचारलं.
नको म्हणाले, दाढी वाढलीय.
धुराचा काढ.

काढला.
मागे सातपुडा होता, दिसत नव्हता.
पुढे पानं, चिरलेली, कडांना करपलेली,
आणि त्यांच्यामधून वर जाणारं
पांढरं काहीतरी, सावकाश.

धरणावर पोचेस्तोवर ऊन चढलं.
चक्रवाक पलीकडच्या काठाला,
नुसते नारिंगी ठिपके.
सत्तावीस फोटो. एकही धड नाही.

रात्री धुराचा तेवढा मोठा करून पाहिला.
डाव्या कडेला, अगदी खाली,
पोत्याचा एक कोपरा आलाय
आणि एक गुडघा.

काकांना अजून सांगितलं नाही.