मायमूळ

गोण सतरावी. वजन एकोणतीस किलो.
चिठ्ठीवर पेन्सिलीनं: एमेरेन्सिया. पुढे एक फुली.
आडनावाला जागा नव्हती की हात थकला,
कळायला मार्ग नाही.

मी विंडहुकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.
वाळल्या चकत्या खलात कुटते, मिथेनॉलमध्ये भिजवते, गाळते,
यंत्राच्या सुईला एक थेंब देते
आणि बसून राहते.
चौदाव्या मिनिटाला कागदावर डोंगर उगवतो.
हार्पॅगोसाइड.
डोंगर जेवढा उंच, तेवढी म्हणे
सूज एक पाऊल मागे.

मागच्या वर्षी ओमाहेकेत गेले होते, नमुने आणायला.
लाल वाळू, सावली नावापुरती.
एमेरेन्सियानं आधी फळ दाखवलं,
चहूबाजूंनी आकडे वळलेलं, सैतानाचा पंजा.
"शेळीच्या खुरात रुतलं तर आठ दिवस लंगडते.
आणि ह्याच वेलीच्या पोटात गुडघ्याचं औषध.
झाडालासुद्धा थोडी लाज असते, यंत्राच्या पोरी."

मग तिनं बाजूनं उकरलं, वेलीपासून हातभर लांब,
जशी झोपलेल्या बाळाखालची गोधडी काढावी.
कडेकडेचे कंद तेवढे घेतले.
मधलं जाड मूळ तिनं मला नुसतं बोटानं दाखवलं.
"ही माय. हिला हात लावायचा नाही.
लेकरं नेलीस तर पुन्हा होतील, चार पावसांनी.
माय नेलीस तर मग वाळूच खा."
खड्डा बुजवला. वर थोपटलं. दोनदा.
आणि मग स्वतः उठायला तिला इतका वेळ लागला
की मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

"तू घेत नाहीस का हे?"
"घेते की. चांगलं ते गोणीत जातं,
चुरा उरतो तो उकळते.
इतकं कडू, की मेलेला बाप आठवतो."

आज सतराव्या गोणीचा डोंगर
डोंगर नाही, वारूळ आहे.
शून्य पूर्णांक सात.
हवं एक पूर्णांक दोन.
थेंब बदलला, सुई धुतली, पुन्हा चालवलं.
वारूळच.

हे फक्त एकाच कारणानं होतं असं नाही.
ओलं ठेवलं असेल, बुरशी लागली असेल.
पण मी गोणीत हात घातला तर चकत्या ताटाएवढ्या,
मधे दोराडलेल्या, तंतूंच्या, म्हाताऱ्या.
कुणीतरी माय खणली.

मायेत औषध कमी, वजन जास्त.
आणि खरेदीदाराचा काटा
वजनच वाचतो, डोंगर नाही.
फेब्रुवारीत तिकडे पाऊस झाला नाही, हे मला ठाऊक आहे.
दुकानात मक्याच्या पिठाचा भाव काय, तेही.
यंत्राला ह्यातलं काही दिसत नाही.
आणि तरी सगळं त्यानंच काढून दाखवलं,
एका बुटक्या रेषेत.

एमेरेन्सिया नाही, मी स्वतःला सांगते. तिचा तो पुतण्या असेल,
टोपी उलटी घालणारा.
मग वाटतं, मला का हवाय पुतण्या?

नापास लिहिलं तर हाम्बुर्गचा माल थांबेल,
अख्ख्या वस्तीचा, चोवीस गोणी.
पास लिहिलं तर पुढच्या हिवाळ्यात
गोण भरायलाच काही उरायचं नाही.

तिथं एकच फोन, दुकानदाराकडे.
लावला. खरखर, कोंबडी, मग एक मुलगा.
"आजी नाही. वाळूत गेली."
"चालत?"
"छे. गाढवगाडीनं. गुडघे धरलेत."
"खणायला गेली?"
खूप वेळ नुसतीच कोंबडी.
"नाही. खड्डे बघायला. कालही गेली होती.
घरात कुणाशी बोलत नाही."

फोन ठेवला. खलानं सुजलेला अंगठा
तोंडात घातला, लहानपणाच्या सवयीनं.
पावडर होतीच त्याच्यावर.
कडू.
माझा बाप अजून जिवंत आहे, तरी आठवला.

आकडा जसा आला तसा लिहिला. शून्य पूर्णांक सात.
शेऱ्याचा रकाना बोटाएवढा, त्यात फार काही मावत नाही.
लिहिलं:
खड्डे कुणी बुजवतंय का, बघून यावे.
सोबत फावडे न्यावे.