हातचा

बदलीचा अर्ज भरायला सड्यावर यावं लागतं.
खाली खाडीकाठी रेंज नाही.
इथं कातळावर, करवंदीच्या जाळीला खेटून उभं राहिलं
की मोबाईलमध्ये दोन काड्या येतात,
वारा फिरला की एक.

चौदावं वर्ष.
केरबाचा फोन : औंदा तरी ये, दादा.
आईचा दुसरा डोळाही गेला.
येतो म्हणालो.
दरवर्षी म्हणतो.

पहिली तीन वर्षं सहा हजारांवर काढली.
मानधन म्हणायचं त्याला.
त्यात मान किती आणि धन किती
हे गणित मला अजून सुटलेलं नाही.
पुढं पगार झाला. तो तुंबला
की घरमालकीण खोबरेकर काकू भाडं मागत नाहीत,
फक्त अंगण जरा जोरात झाडतात.

शिकवता शिकवता बरंच काही मोजलं मी :
मतदार, शेळ्या, संडास,
खिचडीतला वाटाणा ग्रॅममध्ये,
त्या वाटाण्याचा फोटो, त्या फोटोची पोच.
जूनमध्ये साहेब आले, पट बघितला. सात.
सात पोरांसाठी एक अख्खा माणूस, म्हणाले,
जणू मी सरकारचं काही उष्टं करून ठेवलंय.
चहा मात्र दोनदा घेतला.

पहिल्या वर्षी इथली भाषाच कळायची नाही.
इलो, खंय, माका.
मी 'लेकरांनो' म्हणालो की वर्ग हसायचा.
त्यांनीच मला शिकवलं
पेडवे कुठले आणि तारली कुठली,
मला, ज्यानं जन्मात मासा चाखला नाही.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
दाराला पिशवी लटकवून जातात लोक.
काकूंच्या मांजरीला तेवढं ठाऊक आहे.

परवा चैताली कुबल, तिसरीतली,
अठ्ठेचाळीस आणि सदतीस घेऊन अडून बसली.
आठ नि सात पंधरा,
पाच खाली, एक हातचा.
"गुरुजी, हातचो ठेवूचो खंय?"
मूठ उघडून दाखवली तिनं.
शाईचा डाग होता, बाकी काही नाही.
डोक्यात ठेव, म्हणालो.
"थंय आधीच कायबाय भरलला आसा."
तिचा बाप दिवाळीनंतर बोटीवर गेला
तो फोन उचलत नाही.
मी पुढचं काही शिकवलं नाही त्या तासाला.

आणि रुझार फर्नांडिस.
माझ्या दुसऱ्या वर्षाचा, पाढे रडत रडत म्हणणारा.
आता मोठ्या बोटीवर जातो.
तांडेलानं वाट्यात अकराशे कमी लावले,
यानं सिगारेटच्या पाकिटावर बेरीज मांडून दाखवली.
रात्री साडेअकराला माझं दार वाजवलं,
थोडी घेतलेली होती, उंबऱ्याला धरून उभा.
"गुरुजी, तेंनी माझो हातचो खाल्लेलो."
एवढंच म्हणाला, आणि गेला.
पाकीट पायरीवर राहिलं.
माझ्याच अक्षराचं वळण होतं त्या सातला,
मधे आडवी रेघ देतो मी, ती सुद्धा.

अर्जात विचारलंय : बदलीचं कारण.
खाली पर्याय आहेत. आजार, अंतर, वृद्ध पालक.
'वृद्ध पालक' वर बोट ठेवलं, खरं तेच आहे.
राहण्याचं कारण कुठंच विचारत नाहीत.
बरंच आहे. मला लिहिता आलं नसतं.
सेवा वगैरे म्हणायची माझी जीभ नाही,
आणि सात पोरं, एक मांजर, एक आडवी रेघ
याला सहपत्रं काय जोडणार.

मोबाईलवर सहा आकडे आले.
ते टाकायचे, की झालं.
वारा फिरला, एक काडी गेली.
मग अक्षरं आली : मुदत संपली, पुन्हा पाठवू का?

खाली ओहोटी लागलीय.
आत्ता निघालो तर चिखलातून चालत पलीकडं जाता येईल,
तरीचे दहा रुपये वाचतील.
चपला हातात घेतो.
केरबाला रात्री फोन करायचाय.
आईला काय सांगायचं
ते अजून मांडलेलं नाही.