हाळी

वैरणीच्या पेंढीत मण्यार हुती.
फुडचं एकोणीस दिस मला ठावं न्हाईत,
यंत्रानं श्वास घेतला म्हणं माझ्या नावानं.
जीव वाचला. पर त्यांची नळी जिथं घासली
तिथं नरड्याच्या आत वण धरला
आनि आवळत गेला,
दाव्याची वली गाठ उनात आवळावी तसा.

मंग गळ्याला भोक, भोकात नळी.
बोलायचं तर नळीवर बोट.
दोनी हातांनी धार काढणाऱ्या माणसानं
तिसरं बोट कुठनं आणायचं?
आठ म्हैनं शेवंताच्या कुशीला डोकं लावून
नुसता फुसफुसत बसलो.

पोतनीस डाक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं.
"बरगडीची कूर्चा घेणार," म्हणाल्या.
मला कळंना. हौसानं इचारलं,
"म्हंजी चबणी?"
बाई हसल्या. "चबणीच."
"मंग नळी?"
"नळीच तर दुरुस्त करायचीय, मावशी."
कुणी वळखीचं ऐकलं असतं तर वाटलं असतं
आमी आयतवारचं मटण सांगतोय.

छातीतली चबणी काढली,
नखाएवढी होडी तासली,
चिरलेल्या नळीत बसवून टाकं घातलं.
वर मानंच्या मांसाची पट्टी,
ती मातूर पुरती तोडली न्हाई.
एक टोक तिच्याच शिरंला धरून,
पलटी मारून, पांघरली.
"तोडली तर वाळंल," म्हणाल्या.
मला भनीच्या परड्यातली जाई आठवली:
फांदी वाकवून मातीत दाबायची,
मुळं फुटस्तवर आईपासनं तोडायची न्हाई.

आठ दिस मान वर करायची बंदी.
त्या खोलीतला पंखा कसल्या रंगाचा
आजून ठावं न्हाई मला.

पाडव्याला शेवंताची शिंगं रंगवली,
गळ्यात कवड्या, कपाळाला मोरपीस.
गल्ली दोनी अंगानं भरलेली, हलगी तापलेली.
लांब जाऊन हुबा ऱ्हायलो, हाळी दिली:
"शेवंताऽऽ, येऽऽ!"
आवाज निघाला. जाडसर, खरखरीत,
पावण्याचा वाटावा असा.
शेवंतानं कान बी हलवला न्हाई.

परत दिली. हलगी थांबली.
पुतण्या गाडीवरनं खाली बघाय लागला.
हौसा पदर तोंडात धरून.

मला उमगलं तवा घाम फुटला.
जीभ दाताला लावली, श्वास सोडला,
फुस्सऽ फुस्सऽ,
त्याच जुन्या भोकाचा आवाज.

आली.
आशी आली की हलगीवाला कट्ट्यावर चढला.
नाक माझ्या गळ्याला लावून
बुजलेलं भोक हुडकत ऱ्हायली लई येळ.

दुसऱ्या सांजंला गंगावेशीत धारंला बसलो.
दोनी हात कामात, आनि मी बोलतोय:
पेंडीचा भाव, मण्यार, चबणी, बाईंचं अक्षर,
चरवी भरली तरी बोलतोय.
गिऱ्हाईक पेला फुडं करून म्हणालं,
"गवळी, जरा गप बसा की वो."